डाव्या दाराचं रबर

विल्होळी सुटली, गाडीनं साठ गाठली
की डावं दार शीळ घालायचं.
आधी बारीक, मग चढत जाणारी,
रिकाम्या शाईच्या बाटलीवर कुणी ओठ टेकवावेत तशी.
कुमुदवन्सं पदराचा बोळा करून फटीत कोंबायच्या
आणि इगतपुरीपर्यंत एकाच कानानं ऐकायच्या.

पद्मिनी, शहाऐंशीची. रंग एके काळी बदामी.

भद्रकालीत अकील म्हणाला,
"मावशी, हे बीडिंग आता येत नाही.
टेंपोचं देतो, मीटरवर. बसेल ठोकून-ठाकून."
मी वीतभर मागितलं.
"वीतभर कुणी घेतं का?"
बाकीचं मेलं नाही, म्हटलं. सुकलंय नुसतं.

मला रबर कळतं.
एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
बुचांना भोकं पाडली, नळ्या बसवल्या.
पोरं घाई करायची, कोरड्या रबरात काच घुसवायची,
काच तुटून तळहातात.
आधी ग्लिसरीन, मी ओरडायचे, मग जोर!
त्यातला एक आता सातपूरला डॉक्टर आहे.
भेटला की नमस्काराआधी व्रण दाखवतो.

फेब्रुवारीतली दुपार निवडली.
सकाळच्या गारठ्यात रबर वाकत नाही, मोडतं.
दोनला ऊन बॉनेटवरून दारावर आलं.
कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब,
दातांचा जुना ब्रश.
खाचेतून निघालं शेवग्याचं वाळकं फूल,
हायवेच्या रुंदीकरणाची पिवळी धूळ,
आणि टोलची पावती, इतक्या घड्या घातलेली
की तिचंही रबर झालेलं.
ह्यांचं काम. घरात काहीही वाजलं, हललं, गळलं
की हे कागद दुमडून तिथे कोंबायचे
आणि पेपर वाचायला बसायचे.

रॉकेल लावायचं नाही. कुणी कितीही सांगो.
दोन दिवस चकाकतं,
मग वर्षभर साडीला काळं लागतं.

खालचा कोपरा मात्र गेलाच होता, पाणी तिथेच साचतं.
ब्लेडनं तिरका छेद दिला, जुन्याला आणि टेंपोच्याला.
तिरका, कारण सरळ जोड उघडतो.
मोहाडीला अण्णा द्राक्षाचं कलम असंच बांधायचे,
जंगली खुंटाच्या कापाला काप टेकवून, वर पट्टी,
आणि मग आम्हा पोरींना त्या ओळीत
पाऊल टाकायची बंदी.
मी सोल्यूशन लावलं, फुंकर घातली,
बोटाला चिकटेना तोवर थांबले,
जोडलं. कपड्यांचे नऊ चिमटे लावले.
मग सगळ्या कडेला ग्लिसरीन, करंगळीनं, सावकाश.
दार रात्रभर किलकिलं ठेवलं.
शेजारच्या टर्लेबाई दोनदा सांगून गेल्या,
तुमची गाडी उघडी राहिलीय.

दुसऱ्या दिवशी विजेचं बिल दारात धरून दार लावलं, ओढलं.
वर अडलं. बिजागरीपाशी अडलं.
जोडापाशी सरकलं थोडं, मग अडलं.
एवढं चालेल.

रात्री वन्सं टॉर्च घेऊन आत बसल्या,
दाराच्या कडेकडेनं उजेड फिरवत.
मी अंगणातला दिवा मालवला
आणि बाहेरून वाकून रेघ शोधत राहिले.
मागच्या दाराला सुईएवढी सापडली.
डाव्याला नाही.

आत त्यांचे ओठ हलत होते.
बराच वेळ. मग हातही.
मला एक अक्षर ऐकू येईना,
आणि खरं सांगते, आधी आनंदच झाला.
मग वाटलं, लग्न होऊन आल्यापासून
या बाईनं माझ्याशी सलग एवढं
कधी बोलल्याचं आठवत नाही.

काचेवर टकटक केलं.
त्यांनी हँडल फिरवून काच दोन बोटं उतरवली.
"सेल संपत आलेत," म्हणाल्या.
"केव्हाची सांगतेय."