अर्धुक

मी काचा धुते. नेपल्सच्या मत्स्यालयाच्या मागच्या खोलीत.
नळ्या, वाट्या, खिशातल्या घड्याळाएवढ्या बशा.
साबण लावायचा नाही. साबणाचा नुसता वास राहिला
तरी अंडी रुसतात, असं डॉक्टर व्हेसलिंग म्हणतात
त्यांच्या खडे निवडल्यासारख्या इटालियनमध्ये.

सकाळी बाप बादली आणून आपटतो.
समुद्रातली साळिंदरं, काळी, अजून काटे हलवणारी.
पैसे मोजून घेतो, दोनदा.
जाताना विचारतो, "तुझा जर्मन हे खात नाही? लिंबू पिळून?
मग करतो तरी काय?"

काय सांगू. मोजतो तोही.

एका बशीत केशरी झिरपतं, दुसरीत दूध.
दोन्ही एका थेंबात मिसळायचे, मग घड्याळ.
दीड तासानं भिंगाखाली प्रत्येक ठिपक्यावर मधोमध रेघ.
एकाचे दोन, पण चिकटलेले,
फाडण्याआधीच्या जोडपावासारखे.

आता नळी हलवायची, जोरात, पाच मिनिटं.
डॉक्टरांचा खांदा धरला होता त्या दिवशी.
नळी माझ्या हातात आली.
बाटल्या खंगाळणारा हात तो, त्यानं खंगाळली.
शेकडो फुटली, नुसता गाळ झाला.
दहा वाचली, सुटी सुटी.
प्रत्येक म्हणजे अर्धुक.

हा शब्द मला घरचा.
माझ्याआधी तो आला होता, निळा.
सुईणीनं उलटा धरला, थोपटला, दारू चोळली.
नाही.
मग मी.
आई अजून ताटं मांडताना एक जास्त मांडते
आणि बाप अनोळखी माणसालाही सांगतो,
"ही आमची इम्मा. अर्धी आली."
शेजारीण कात्री खाली ठेवून म्हणते, तरीच बुटकी.

संध्याकाळी भिंगाखाली उघड्या वाट्या.
अर्धा गोळा, कड कुरतडल्यासारखी.
डॉक्टर खूश. वहीत लिहिलं, टोपी घातली.
"अर्ध्याचं अर्धंच होणार, सिन्योरिना.
घड्याळ मधोमध कापलं
तर दोन घड्याळं होत नाहीत."
मी दिवा मालवला.
वाईट वाटलं असं नाही. थोडं बरंच वाटलं.
शेवटी कुणीतरी वहीत लिहिलं.

सकाळी मी आधी पोचले.
भिंगाला हात लावायचा नाही, असा नियम आहे.
लावला.

वाट्या नव्हत्या.
तीन मेल्या होत्या, तळाला.
उरलेल्या सातांच्या कडा रात्रीतून मिटलेल्या.
बंद गोळे, गरगरणारे,
उशीर झाल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी दांड्या फुटल्या, मधे पोट, पोटाला तोंड.
शेजारच्या बशीत त्यांची न हलवलेली भावंडं होती.
तशाच दांड्या, तेच पोट, तेच तोंड.
ही फक्त लहान.
कशातच कमी नाहीत, फक्त कमी.

डॉक्टरांनी मोजलं. पुन्हा मोजलं,
बाप नाणी मोजतो तसं, ओठ हलवत.
वहीतली एक ओळ खोडली. खोडताना कागद फाटला.
मग टोपीसकट स्टुलावर बसले
आणि खिडकीला विचारलं,
"मग अख्खं असतं कुठे?"

मी विचारलं, नळी धुऊ का.
म्हणाले, राहू दे.
नळीत गाळ होता तसाच.
त्या गाळाबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही.
मी त्याच्याकडे पाहिलं थोडा वेळ,
मग धुतली. नियम माझेही आहेत.

रात्री आईनं ताट जास्त मांडलं.
मी रोज उचलून ठेवते. नाही उचललं.
बापानं उरलेलं साळिंदर कात्रीनं उघडून पुढे केलं,
आत केशरी पाच जिभा.
एकेकीत किती हजार, देव जाणे,
किंवा तोही दोनदा मोजत असेल.

लिंबू पिळलं. पाव मोडला, बुडवला.
आपल्या ताटातलं संपलं
तेव्हा शेजारचं ओढून घेतलं.
आई बघत राहिली.
मी काही बोलले नाही,
भूक लागली होती.