सकाळच्या सूचना

आठ पन्नासला भिंतीवरचा डबा खाकरतो
आणि मिसेस गॅरटी बोलू लागतात.
मुलींचा कॅमोगी संघ काल दोन गुणांनी हरला.
हरवलेल्या वस्तूंत डाव्या पायाचा एक बूट आहे,
आणि दातांची तार. ती तरी कुणी घेऊन जा रे, बघवत नाही.
निरोपाच्या नाचाचे पैसे शुक्रवारच्या आत.
अटलांटिकवरून वादळ येतंय,
डोंगराकडच्या बसेस तीनलाच सुटतील.

यानंतर रोज टक् असा आवाज होतो.
त्या मंगळवारी झाला नाही.

आधी खुर्ची करकरली.
मग बिस्किटाचा पुडा.
फिआख्रानं मला कोपर मारलं, अख्खा वर्ग फिदीफिदी.
ओ डूडा सर फळ्यावर आयरिशचा संकेतार्थ लिहीत होते:
मी गेलो असतो तर, तू थांबला असतास तर.
डब्यातून फोनची बटणं ऐकू आली, दहा.

"अल्टन? शाळेतून बोलतेय.
नाही, रागवायला नाही.
...
किती व्याल्या?
...
आणि रात्री तू एकटाच?
...
पर्थला आता दुपार असेल, त्याला फोन कर ना.
बरं. नको तर नको."

अल्टनची खुर्ची खिडकीजवळ. तीन दिवस रिकामी.
तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही
सगळे तिच्याकडेच बघत होतो.

"उलटं आलं का रे? मागचे पाय आधी?
...
अरेरे.
नाही, ऐक. तुझं काही चुकलं नाही.
माझ्या वडिलांच्या हातूनही जायची,
चाळीस वर्षं गोठ्यात काढलेला माणूस.
दुसरीचं कसं आहे? कालवड?
पेंढ्यानं खसाखसा पूस. नाकात काडी घाल, शिंकू दे तिला.
पहिला चीक पोटात गेला ना? मग झालं.
...
रड की. मी फोन धरलाय."

मग बराच वेळ काहीच नाही.
सर दाराशी गेले, मुठीवर हात ठेवला
आणि तसेच उभे राहिले.
बाहेर लांबलचक कॉरिडॉरमध्ये
प्रत्येक बंद दाराआडून तीच शांतता येत होती,
चारशे बारा मुलांची, आणि स्वयंपाकघरातल्या ब्रीजची.

"उद्या ये. गणिताची परीक्षा आहे, पण तिच्यासाठी नको.
नुसता ये. बस."

डबा कुणी बंद केला, ठाऊक नाही.
सरांनी खडू उचलला, परत ठेवला.

आमच्या शाळेत कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही.
डरव्हलाचं कुणाशी मोडलं हे
तिच्याआधी बसच्या ड्रायव्हरला कळतं.
त्या दिवशी मात्र चारशे तोंडांत तो भिजला,
फुगला, आणि आम्ही गिळून टाकला.
मिसेस गॅरटींनाही कुणी सांगितलं नाही.
फक्त जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर
बिस्किटांचे सात पुडे जमले.
त्या म्हणाल्या, आज काय आहे रे, कुणाचा वाढदिवस?

बुधवारी अल्टन आला.
बोटांवर आयोडीनचे तपकिरी डाग,
स्वेटरच्या बाहीला गवताची काडी.
झुझानानं वह्या सरकवल्या, न बघता.
फिआख्रानं आपला चिकन रोल मोडून
मोठा तुकडा त्याला दिला, जे त्यानं
सख्ख्या भावासाठीही कधी केलं नसेल.

शाळेचं शुक्रवारचं पत्रक मी लिहिते.
कॅमोगी, बूट, तार (अजून तिथेच आहे),
वादळात उडालेलं सायकलशेडचं छप्पर.
खाली दोन ओळींची जागा उरली.
तिथे मी पुढच्या आठवड्याचं हवामान टाकलं.

बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला.
काचेवर पाऊस आडवा धावत होता.
म्हणाला, मी नव्हतो तेव्हा काय झालं?
काही नाही, मी म्हटलं. पोरी हरल्या.
कितीनं?
दोन.
च्, म्हणाला तो,
आणि पुढच्या वळणापर्यंत
माझ्या खांद्यावर झोपून गेला.