रंगीत तालीम

तहसीलचं पत्र मंगळवारी आलं,
पार्लरच्या काउंटरवर, मेंदीच्या कोनांवर पडलं:
चक्रीवादळाची रंगीत तालीम. स्थळ विजयदुर्ग जेटी.
जखमी बारा, मयत तीन.
रंगभूषा आपण करावी. मानधन नाही, नाश्ता मिळेल.

आजवर मी नवऱ्या सजवल्या.
पुरळ, वांग, रात्रभर रडलेले डोळे
बोटाने थापटत थापटत लपवले.
आता तेच बोट उलटं फिरवायचं होतं.

रक्त आधी आगळाचं केलं.
बशीत ते वांग्याच्या सालीसारखं जांभळं दिसलं.
मग काकवी ओतली, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको.
तेव्हा कुठे चमच्यावरून ते
अंगात मुरलेल्या माणसासारखं सावकाश उतरलं.

मैदा आणि व्हॅसलीन मळून कातडी.
कडा चमच्याच्या पाठीने विझवत न्यायच्या,
माझी कातडी कुठे संपते, पोराची कुठे सुरू होते
कळता कामा नये.
मधोमध हेअरपिनने चीर, चिरेत काजळ, काजळावर लाल.
हाड म्हणून खोबऱ्याची कातळी.
भाजल्याचे फोड: भिजवलेला साबुदाणा,
वर फेविकॉलचा पापुद्रा.
नवरा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला,
उद्या एकादशी आहे, थोडा ठेव.

सकाळी जेटीवर कॉलेजची पोरं रांगेत.
प्रत्येकाला मोठी जखम हवी.
रोशन खवळेला कपाळावरच, फोटोत दिसायला.
वृंदा मेथरचा पाय मोडायचा होता, तिने विचारलं,
मॅडम, ड्रेसला डाग नाही ना पडणार?
ऊन चढलं तशा काकवीला मुंग्या लागल्या.
खऱ्या मुंग्या. त्यांना कोण सांगणार.

शेवंती कुबल म्हावरं विकून परतत होती.
टोपली खाली ठेवून तिने रोशनचं कपाळ न्याहाळलं.
"ह्या रगात न्हय गो बाय.
रगात वाळला काय काळा पडता. ह्या नुसता चिकाट."
बरोबर होतं तिचं. मी कॉफी पावडर कालवली.
मग ती माझ्यासोबतच फिरू लागली,
कोयतीच्या टोकाने हवेत दाखवत,
चीर ताजी असताना कड कशी उलटते, शिळी झाली की कशी बसते.
चाळीस वर्षं सुरमई कापणारी बाई.
मला एवढं कुठल्या कोर्सात शिकवलं नव्हतं.

तिसरा मयत निनाद पराडकर, समुद्रातून काढलेला.
त्याच्या छातीवर मी पाऊण तास घालवला होता:
फाटलेली कातडी, आत खोबऱ्याच्या दोन बरगड्या.
माझं सगळ्यात चांगलं काम.

"ह्येका दर्यान नेल्लो?"
मी म्हटलं, हो.
"मगे ह्या कित्याक?"
ती उकिडवी बसली.
"आमच्या बाबल्याच्या अंगार येक ओरखडो नव्हतो.
झोपललो म्हणान मी दोनदा हाक मारलंय."

पाऊण तासाची जखम
एका ओल्या फडक्याने निघाली.

मग नवरीचं फाउंडेशन काढलं, सगळ्यात उजळ शेड,
लिपस्टिक लावतात तिथे, ओठांवर लावलं.
कडेला निळ्या आयशॅडोचं एक बोट.
आणि निनादला सांगितलं, उजवा हात बादलीत बुडवून बस,
बोटं सुरकुतेपर्यंत.
डाव्या हाताने तो वडापाव खात राहिला.

भोंगा झाला. स्ट्रेचर धावले.
साहेबांनी घड्याळ पाहिलं: सतरा मिनिटं, ठीक आहे.
जखमी रुग्णवाहिकेत हसत चढले,
मयत तिथेच राहिले, काँक्रीटवर, ओळीने.
मयतांची कुणाला घाई नव्हती.

शेवंतीने टोपली डोक्यावर घेतली.
जाता जाता निनादपाशी थांबली.
"ऊठ मेल्या, भुंय तापली हा."
तो हलला नाही. शिट्टी झाल्याशिवाय हलायचं नाही, असा नियम होता.

ती तशीच उभी.
टोपलीतून बर्फाचं पाणी तिच्या खांद्यावर गळत होतं.

"ऊठ रे."

दुसऱ्या हाकेला तो उठला.