शंभर फुटांची साखळी

टेबलावर तीन पुस्तकं उघडी,
एकावर चष्म्याचं घर ठेवलंय, पान मिटू नये म्हणून.
तिन्हींत तोच दिवस:
आमच्या गावच्या खारीत मोजणीची साखळी आली, तो.

टिपणीस साहेब निवृत्तीनंतर लिहितात,
'दुपारी किरकोळ अडथळा. नंतर काम सुरळीत.'
पुढचा अख्खा परिच्छेद पाटलांकडच्या कोलंबीवर,
आमसुलं किती पडली होती तेसुद्धा.

जोमा मढवी गुरुजींकडे सकाळ आहे.
सूर्य नुकताच खाडीतून वर येतोय
(आमची खाडी पश्चिमेला. असो.)
आणि दोनशे वाघिणी साखळीवर बसल्यात,
प्रत्येकीच्या तोंडी चांगलं दोन ओळींचं वाक्य.

शाल्मली कारखानीस यांनी मोजून लिहिलंय, सत्तेचाळीस.
खाली तळटीप, तिच्या पोटात आणखी एक तळटीप,
'उत्स्फूर्त' हा शब्द एका पानात चार वेळा.

मी मुद्रितशोधक.
तिन्ही पुस्तकं याच टेबलावरून गेली, वेगवेगळ्या वर्षी.
'किरकोळ'मधली कि पहिली आहे ना, एवढंच बघायचं होतं.
अडथळा किरकोळ होता का, ते नाही.

आज कुणी न सांगता पेन्सिल घेऊन बसले.
साहेब छत्रीखाली उभे: त्यांच्या पानात ऊन आहे, बायका नाहीत.
गुरुजींच्या पानात बायका आहेत, ऊन नाही.
बाईंच्या पानात ऊन, बायका, वयं, जमिनीचे गट क्रमांक,
फक्त तहान कुणालाच लागत नाही.

आईला वाचून दाखवलं. ती निवट्या साफ करत होती.
"मना काय ठाव मोजनीची साखली!
कालवं फोडून आली, तलव्यात शिंपली गेलेली.
बांध दिसला, बसली.
मंग मथुरा बसली, मंग तिची जाव."
आणि घोषणा?
"कसली घोषना? साखलीच्या टोकाला एक पोरगा होता,
मिसरूड नव्हतं फुटलं. तो हलूच बोलला,
मावशे, उठू नको इतक्यात.
तू उठलीस का माझी पन पायपीट सुरू."

मी घाईघाईनं लिहून घेतलं.
मग आठवलं, मागच्या वर्षी शिंपली नव्हती.
त्याच्या आदल्या वर्षी पोरगा नव्हता.
आणि मी लहान असताना, बाबा होते तेव्हा,
ती सगळ्यांच्या आधी, पदर खोचून, ठरवून बसली होती,
आणि बाबा समोर बसून मान डोलवायचे.
बाबा त्या दिवशी उरणला होते.

एका गोष्टीवर मात्र सगळे एक.
संध्याकाळी साखळी उचलली गेली, पुढे सरकली.
साहेबांच्या 'सुरळीत'मध्ये,
गुरुजींच्या 'दुर्दैवाने'मध्ये,
बाईंच्या परिशिष्ट तीनमध्ये,
आणि आईच्या निवट्यांवर पाणी ओतण्यात.

ही खोली नेरुळला, साडेबारा टक्क्यांतल्या इमारतीत,
तिसऱ्या मजल्यावर.
तो बांध खाली कुठेतरी.
पाण्याच्या टाकीखाली म्हणते आई,
कधी म्हणते वॉचमनच्या खुर्चीखाली.

गुरुजींनी तिचं नाव छापलंय: चंगुणाबाई.
तेव्हा मी नवी होते, गुरुजी वर्गात शिकवलेले,
एक काना द्यायचा धीर झाला नाही.
बाईंच्या पुस्तकात ती 'माहितीदाता क्र. ९'.
साहेबांच्या पुस्तकात ती नाहीच,
किंवा ती 'किरकोळ' आहे.

गुरुजींच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय.
मी पेन्सिलीनं काना दिला. चांगुणाबाई.
पान आईच्या पुढे धरलं.
तिनं ओले हात लांब ठेवून मान तिरकी केली,
"चांगी लिव.
चांगुना कोन बोलतं मना?"

खोडरबर शोधतेय.
मघाशी इथंच होतं.