मीठ राहिलं

तळ्याच्या या काठाला आमचं घर,
त्या काठाला आमचा तंबू.
होडीने वीस मिनिटं. पण बाबा
टपावर दोरखंड बांधायचे, मागे कुऱ्हाड,
सोइन्तूच्या मांडीवर तवा,
आणि अकरा किलोमीटरचा वळसा घालून
आम्ही जायचो
आमच्याच घरासमोर.

"गाडीत बसलं नाही तर प्रवास कसला?"
वाटेत पेट्रोल पंपावर थांबायचं,
आइस्क्रीम घ्यायचं, बॉनेटवर नकाशा पसरायचा.
पंपावरची आयली विचारायची, "यंदा कुठे?"
"लांब," बाबा म्हणायचे, आणि ती
दर वर्षी तितकीच चकित व्हायची.

आईचं काही म्हणणं नसायचं.
ती बर्चची साल सोलून
पहिल्याच काडीत चूल पेटवायची
आणि धुराला पाठ करून बसायची.
धूर वळून तिच्याकडेच यायचा.

त्या वर्षीचा ऑगस्ट.
आमच्याकडे जूनमध्ये रात्र होतच नाही.
ऑगस्टात ती परत येते, जरा ओशाळत,
उसनं नेलेलं भांडं फार दिवसांनी
परत करायला आल्यासारखी.
निळ्या बेरी संपलेल्या, डास थकलेले,
खवले काढून ठेवलेले दोन मासे,
आणि आई म्हणाली, "मीठ राहिलं."

मुक्कामाच्या जागेची एक होडी असायची,
डांबराच्या वासाची, थोडी गळकी.
बाबा काही न बोलता उठले.
वल्ह्यांचा आवाज बारीक होत गेला,
मग नुसतं पाणी.

सोइन्तू बोटांवर मोजत बसली.
तिसऱ्यांदा बोटं संपली तेव्हा
पलीकडे, झाडांच्या काळ्या ओळीत,
सौनाच्या छपराच्या जरा वर,
आमच्या स्वयंपाकघराचा दिवा लागला.

घर मी असं कधी पाहिलं नव्हतं.
काड्यापेटीएवढं.
आत कोण राहतं, कुणास ठाऊक,
पण माणसं बरी असावीत,
पडदा नीट लावलेला होता.

मीठ शेगडीच्या शेजारी, निळ्या डब्यात.
दारापासून चार पावलं.
दिवा जळत राहिला.
आईने निखाऱ्यांवर राख ओढली,
सोइन्तूवर स्वेटर,
आणि दिव्याकडे बघत राहिली
दुधाकडे बघतात तशी, उतू जाईल म्हणून.

"मीठ सापडत नसेल?"
"सापडलं असेल," ती म्हणाली.

ते आले तेव्हा डबा काखेत होता,
पँट गुडघ्यापर्यंत ओली.
तिकडे दिवा तसाच.
"दिवा राहिला, तौनो."
"राहू दे. घरात कुणीतरी आहे असं वाटतं."
मग त्यांनी माशांना मीठ लावलं,
आणि पुन्हा लावलं.

पत्राचं मला ऑक्टोबरात कळलं.
शुक्रवारपासून टेबलावर होतं ते,
सफरचंदांच्या परडीखाली, न उघडलेलं,
कागदाच्या मिलचा शिक्का असलेलं.
बावीस वर्षं त्या मिलच्या मिठाला जागला
हा माणूस, रात्रपाळीत तर अक्षरशः.
आमच्यासमोर त्याला ते फोडवेना.

पण सकाळी तंबू आवरताना
आईच्या पिशवीच्या तळाशी, मोज्यांखाली,
माझ्या हाताला एक पुडी लागली.
रबर लावलेली, पांढरी, जड.
जिभेला लावून पाहिली.
आई पाठमोरी खुंट्या उपटत होती.
मी पुडी होती तिथे सारली
आणि वर अजून एक मोजा ठेवला.
मी नऊ वर्षांची होते, काही कळलं नव्हतं.
एवढंच कळलं की ही वस्तू
सापडायची नाही.

परतीचे पुन्हा अकरा किलोमीटर.
बाबांनी पंपावर गाडी थांबवली,
पेट्रोल भरायचं नव्हतं तरी.
आइस्क्रीम तिघींनाच.
"कसं होतं तिकडे?" आयलीने विचारलं.

बाबांनी नकाशाची घडी घातली,
चुकली, परत उघडून घातली.
"तिकडून," ते म्हणाले,
"आमचं घर दिसतं."