काटे

आज गुरुवार, शिवराक, हे मी
चोडणच्या धक्क्यावर स्कूटर बंद करतानाच सांगून ठेवलं होतं.
तरी मिथिलचं बोट मेनूत थांबलं
ते चोरीसवाल्या पिझ्झ्यावर.
"नुसतं बघतोय," म्हणाला.
आठ वर्षांचा आहे, बापासारखा बघतो:
आधी किंमत, मग चित्र.

रायबंदरला नदीकाठी हे नवं हॉटेल.
अंगणात फणसाखाली टेबलं,
मुलांना खेळायला वाळूचा चौकोन,
त्यात कुणाची तरी एकच चप्पल.
शेजारच्या टेबलावर वाढदिवस.
चार वर्षांची रेवा त्यांच्या फुग्यांकडे बघत
खुर्चीसकट इंच इंच तिकडे सरकतेय.
मी दोनदा ओढून आणली. तिसऱ्यांदा
त्यांनीच एक फुगा दिला, पिवळा,
आणि ती लगेच परत आली.

भट्टी सगळ्यांना दिसेल अशी उघड्यावर.
तिच्यापुढे आग्नेल, नाव एप्रनवर शिवलेलं.
पीठ हवेत उडवत नाही तो.
थापतो नुसतं, बोटांनी कडेकडेनं,
घाई नसलेल्या माणसासारखं.
"बाबा उडयता," रेवानं त्याला ऐकवलं.
"खंय आसा तुजो बाबा?"
"बोटीर."
त्यानं मान हलवली. गोव्यात या उत्तरावर
पुढचा प्रश्न नसतो.

जहाजाच्या अकराव्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाशेजारी
अवधूत दिवसाला तीनशे पिझ्झे भाजतो.
फोनवर दाखवतो कधी, नेट असलं तर:
ही बेसिल, आपल्या तुळशीची लांबची बहीण,
हे चीज, बघ, हातभर ताणतं.
मागे कुणाकुणाची मुलं रांगेत,
अंगं ओली, काखेत टॉवेल.
एक मुलगा रोज मका काढून मागतो म्हणे,
त्याचा पिझ्झा हा वेगळा ठेवतो, न सांगता.
आमच्या दोघांनी बापाच्या हातचा
अजून एक घाससुद्धा खाल्लेला नाही.
घरी येतो तेव्हा त्याला पेज हवी असते
आणि मिठातले तोर.
पिठाला हात लावायचं नावच नको.

पिझ्झा आला. मका होता त्यात.
मिथिलनं वाटणी केली, मोठा तुकडा
माझ्याकडे सरकवला आणि नदीकडे बघत बसला,
कुणी आभार मानू नयेत म्हणून.
रेवा मधलं मऊ तेवढं खाते,
कडा ताटाच्या काठाला रचते,
एकीला लागून एक, अगदी नीट.
"हे काय गं?"
"काटे."
बांगड्याचे ठेवते, तसे.

तिचे काटे मी खाल्ले.
थोडे करपलेले, खारट. चांगले होते.

बिल आग्नेलच घेऊन आला.
हात पुढे केला तेव्हा दिसली,
मनगटापासून चार बोटं वर
भाजल्याची आडवी रेघ.
भट्टीच्या दाराची रेघ, मी ओळखते.
अवधूतच्या हातावर तीन आहेत,
दर कराराची एक.
विचारावंसं वाटलं: कुठल्या कंपनीत होता,
किती वर्षं, परत कसे आलात.
खरं तर फक्त शेवटचं.
विचारलं ते, "उरलेलं बांधून मिळेल?"

साडेनऊची फेरीबोट. खोका मिथिलच्या मांडीवर,
आडवा होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला.
रेवा माझ्या खांद्यावर झोपलेली, दोरी मुठीत,
फुगा माझ्या कानाला घासतोय.
खाली इंजिन धडधडतंय. मांडवी काळी.
"आई," तो म्हणाला,
"त्या अंकलना पण उडवता येत असणार."
"मग?"
"आता इकडे आले ना. आता कशाला उडवतील?"

पलीकडे धक्क्यावर फळी आपटली.
मी स्कूटरची किल्ली शोधू लागले,
ती हातातच होती.