बोट

रान्वा, टोरशाव्हनच्या ज्या सभेत तू अध्यक्ष झालीस
तिथं मागच्या रांगेतून कोणी म्हणालं म्हणे,
"बाईंचा सगळा खेळ हाताचा,
आणि आमच्याकडे हात लागला की शिट्टी."
सगळे हसले. तूही हसलीस.
ते हसू मला ठाऊक आहे.
सहा मीटरच्या रेषेवर, पाठीत दोन कोपरं खात
चेंडू येण्याआधी तू तस्संच हसायचीस.

मी गोलात. अकरा वर्षं
माझ्यासमोर तुझी पाठ, घामानं भिजलेला सातचा आकडा,
आणि मागे धरलेला हात:
दोन बोटं म्हणजे डावीकडे, मूठ म्हणजे थांब.
दोघींच्याही हातांना राळ.
तेलानं चोळून निघायची, म्हणजे निघाली असं वाटायचं;
मग दाराची कडी चिकटायची, पाव चिकटायचा,
एकदा चर्चच्या दारात हात मिळवला
तर पाद्रीबुवाच सुटेनात.

फुटबॉल तुला कधी आला नाही, खरं सांगते.
वागुरच्या मैदानाचं उद्घाटन केलंस,
अंगठ्यानं मारलास, चेंडू थेट समुद्रात.
होडीतला पोरगा जाळं घेऊन गेला, शिव्या देत.
पण त्या मैदानाला दिवे कोणी लावले?
मुलींचा संघ बोटीच्या तळाशी
मेंढ्यांशेजारी झोपून जायचा,
ते कोणी थांबवलं?
टेबलापलीकडचे हातचं राखून बोलायचे.
तू त्यांच्या कागदावर तळवा ठेवायचीस
आणि उचलायचीच नाहीस.
लोक म्हणाले, जिद्द.
मी म्हटलं, राळ.

काल टीव्हीवर सामना होता.
वारा असा, की कोपऱ्यातला झेंडा काठीसकट आडवा.
शेवटची दोन मिनिटं, आपल्याला पेनल्टी.
चेंडू ठिपक्यावर ठेवला, गडगडला.
पुन्हा ठेवला. पुन्हा.
मग पंचानं मान हलवली,
आणि संघातली सगळ्यात धाकटी, वेण्या चिखलात,
ओल्या गवतावर पालथी झाली,
हात लांब करून
चेंडूवर एक बोट टेकवलं.
नियमात बसतं ते. आपल्या बेटांवर बसतं.

कॅमेरा तुझ्याकडे वळला.
कोट, चश्मा, शेजारी कुठलासा मंत्री.
तो कानाशी काहीतरी सांगत होता,
तू ऐकत नव्हतीस.
तुझं उजवं बोट समोरच्या कठड्यावर,
नख पांढरं होईपर्यंत दाबलेलं.

गोल झाला की नाही ते आज पेपरात आहेच.
मला आठवतं ते दुकानातलं गिऱ्हाईक,
अर्धा किलो कॉड मागून मागून थकलेलं,
"अहो बाई, झालं काय?" म्हणत होतं,
आणि माझं बोट
माशांखालच्या बर्फात, तसंच.